कुंपणाबाहेरचा नळ

माझं काम संशय घेण्याचं आहे. रांजणगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. लाइनवरून येणारा प्रत्येक तुकडा आधी चुकीचाच समजायचा, गेज लावून मापात आहे का बघायचा आणि बरोबर निघाला तरच पुढे सोडायचा. नाही निघाला तर लाल टॅग. टॅगवर कारण लिहायचं आणि खाली आपलं नाव. इतकी वर्षं हे केल्यावर ही सवय कंपनीच्या गेटवर ठेवून येता येत नाही. दूध तापवायच्या आधी मी पातेल्याला नाक लावते. कुणी जरा जास्तच गोड बोललं तर याला काय हवंय, हा विचार पहिला येतो. आई म्हणते, बघायला आलेल्या पोरांनाही तू गेज लावलंस म्हणून ही वेळ आली. तिचं तिला लखलाभ.

त्यामुळे आमच्या नळावरची माणसं कमी होत चालली आहेत, हे घरात सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं.

आमचं गाव भीमेच्या अलीकडच्या काठाला, शिरूर तालुक्यात. नदी ओलांडली की दौंड. दादा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत फिटर होते. माझं बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं आणि सुट्ट्या गावात. रिटायर व्हायच्या आधी त्यांनी गावात रस्त्याकडेला घर बांधायला काढलं. पहिलं बोअर घराच्या मागच्या अंगाला घेतलं, त्यातून नुसता फुफाटा उडाला. दुसरं पुढच्या बाजूला घेतलं, त्याला पाणी लागलं. स्वयंपाकघरात तेव्हा फरशीसुद्धा बसली नव्हती, पण दादांनी पहिला नळ काढला तो कुंपणाच्या बाहेर, रस्त्यावर. खाली शहाबादी फरशीचा ओटा केला, भिंतीला साखळी लावली आणि साखळीला स्टीलचा ग्लास. आई म्हणाली, आधी घरात पाणी द्या. दादा म्हणाले, घरातल्यांना कुणी अडवलेलं नाही.

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या लहानपणी त्यांची आई गावातल्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन बसायची. विहिरीवर चढायची आमच्या लोकांना मनाई होती. भरणाऱ्या बायकांपैकी कुणाला दया आली तर ती वरून ओतायची, नाही आली तर दुपार व्हायची. नदीवरही आमचा पाणवठा खालच्या अंगाला होता. गावाची गुरं, गावाची धुणी, सगळ्यांचं झालं की ते पाणी आमच्याकडे. बायका मग वाळूत हातानं झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीनं निवळ पाणी भरायच्या. पुढं वाळू ट्रकात बसून गेली, तिच्याबरोबर झिरेही गेले. वरून पुण्याकडचं सांडपाणी, फेस, जलपर्णी यायला लागली. दादा म्हणाले, "आता समदं गावच खालच्या अंगाला आलंय." मला हसू आलं होतं. ते हसले नव्हते.

रस्त्याच्या पलीकडे आबांचं घर आहे. गावातलं मोठं बागायतदार घराणं. माझी आजी ज्या विहिरीपाशी ताटकळायची ती विहीर आबांच्या वडिलांची. नदीजवळ असल्यानं नदीबरोबर तीही बिघडली. पाणी पिवळं झालं, त्याला वास सुटला, गुरंसुद्धा तोंड फिरवायला लागली. मग आबांच्या घरचे हंडे आमच्या नळाखाली आले. त्यांच्या सुनेनं पहिल्यांदा आमच्या ओट्यावर हंडा ठेवला तेव्हा दादा व्हरांड्यात पेपर वाचत असल्यासारखे उभे होते. त्यांचा चष्मा आत टेबलावर होता. ती पोर नव्यानंच लग्न होऊन आलेली. हंडा भरेपर्यंत तिनं साखळीचा ग्लास भरून घेतला, घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "काका, गोड हाय तुमचं पाणी." दादांना आयुष्यात बढती मिळाली, रेल्वेनं सत्कार केला, पण तेव्हाचा त्यांचा चेहरा मी दुसऱ्या कुठल्या प्रसंगी बघितला नाही.

अशी काही वर्षं गेली. घरोघरी सरकारी नळ आले, पण त्यांना पाणी एक दिवसाआड आणि तेही लहर लागली तर. गल्लीचा भरवसा आमच्या नळावरच होता.

मग गेल्या दिवाळीनंतर ओट्यावरची गर्दी पातळ झाली. आधी टोकाच्या घरातल्या बायका यायच्या थांबल्या, मग मधल्या. ग्रामपंचायतीपाशी शुद्ध पाण्याचं एटीएम बसलं होतं. नाणं टाकायचं, जार भरायचा. मी स्वतःला समजावलं, नवं यंत्र आहे, लोकांना हौस असते. पण एका सुट्टीच्या दिवशी आबांची सून स्कूटीवर पायाशी जार ठेवून आमच्या दारावरून गेली आणि माझ्याकडे बघायचं टाळून गेली. समोर नळ असताना ही पोर अर्धा किलोमीटर जाते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर मी पुरावे गोळा करायला लागले. कुणी नळाकडे बघून पदर नाकाला लावला, हे मी हेरलं. दोघी बोलत होत्या आणि मी दिसताच गप्प झाल्या, हेही हेरलं. वाळूत झिरे उकरायचे दिवस गेले तरी माणसांच्या पोटातलं जात नाही, अशी माझी खात्री होत चालली. तोंडानं ताई-ताई करायचं, आपली चांगली विहीर होती तोवर आम्हाला लांब बसवायचं, विहीर नासली तेव्हा आमचं पाणी प्यायचं आणि दुसरी सोय झाली की पुन्हा आम्ही चालत नाही. मी हे आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, लोकांना जे प्यायचं ते पिऊ दे, तू कशाला डोकं फिरवून घेतेस. दादा रोज सकाळी ओटा घासायचे, ग्लास राखेनं चकचकीत करायचे आणि खुर्ची टाकून तिथंच बसायचे. एकदा मी फारच बडबडले तेव्हा एवढंच म्हणाले, "आबाची सून पिऊन जाती की रोज." मला वाटलं, म्हातारा माणूस मनाची समजूत घालतोय. मी घरी असताना तर ती कधी थांबली नव्हती.

मग एके दिवशी आबा आमच्याकडे आले. सुनेला सातवा महिना लागला होता, डोहाळजेवणाचं आवतण द्यायला आले होते. दारात आलेल्या माणसापुढे आधी पाणी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. आईनं तांब्या-फुलपात्र ठेवलं. आबांनी फुलपात्र उचललं, ओठांना लावलं आणि खाली ठेवलं. आत्ताच चहा घेऊन निघालो, म्हणाले. पण माझी नजर गेजची. पाणी जिथं होतं तिथंच होतं, केसभरसुद्धा उतरलं नव्हतं. माझं डोकं असं सणकलं की मी पुढे झाले, तेच फुलपात्र उचललं आणि त्यांच्यासमोर उभ्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं. आबांनी मान खाली घातली. दादांनी बघितलं आणि ते बाहेर नळापाशी जाऊन बसले. डोहाळजेवणाला आमच्यातलं कुणी गेलं नाही, त्या सगळ्यामागे मीच होते.

आठ दिवसांनी त्या पोरीला कावीळ झाली. आधी उलट्या, मग डोळे पिवळे. शिरूरला दवाखान्यात ठेवलं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला कावीळ म्हणजे दोन जीवांचा प्रश्न असतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ही कावीळ पाण्यातून येते, हेही सांगितलं. ही बातमी आईनं आणली. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्यातही मी म्हणाले, आता कळेल एटीएमचं पाणी कसलं असतं ते.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या आशाताई पाणी तपासणीच्या बाटल्या घेऊन गल्लीत आल्या. लहानशी काचेची बाटली असते, आत औषध असतं. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवायचं. पाण्यात मैल्याचा अंश असला तर बाटली काळी पडते. त्यांनी एटीएमचं पाणी घेतलं, सरकारी नळाचं घेतलं, आबांच्या विहिरीचंही घेतलं. आमच्या नळासमोरून मात्र त्या सरळ पुढे गेल्या. माझी दुसरी पाळी होती, म्हणून मी घरीच होते. मी हाक मारली आणि आमचा नळ तुम्हाला दिसला नाही का, असं तिरकसपणे विचारलं.

त्या जवळ आल्या, दादा आसपास नाहीत ना हे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का? तुमच्या नळाची बाटली काळी झाली, तर ते मी कोणत्या तोंडानं सांगू? यांच्या पाण्यात दोष हाय, असं आमच्यातल्या बाईनं म्हणलं की त्याचा अर्थ काय निघतो, ते तुम्हाला म्हाईत न्हाई व्हय?"

मी त्यांच्या हातातून दोन बाटल्या घेतल्या. तेव्हासुद्धा माझा संशय नळावर नव्हता, बाटलीवर होता. म्हणून एकीत नळाचं पाणी भरलं आणि दुसरीत तेच पाणी उकळून, गार करून. बाटलीच खराब असेल तर दोन्ही काळ्या होतील, असा माझा हिशोब. दोन्हींवर खूणचिठ्ठी चिकटवली, कपाटातल्या शालीत गुंडाळल्या आणि कंपनीची बस पकडायला निघून गेले. पाळीभर एकाही तुकड्यावर माझं धड लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं. उकळलेल्या पाण्याची बाटली जशीच्या तशी होती. नळाच्या पाण्याची बाटली डांबरासारखी काळी झाली होती.

तरी मन लगेच दुसरा चोर शोधायला लागलं. नदीतून झिरपलं असेल. वरच्या अंगाच्या एखाद्या कारखान्यानं सोडलं असेल. कुणी मुद्दाम आमच्या बोअरमध्ये काही टाकलं असेल, इथपर्यंत मी गेले. मग कंपनीत करतो तसं केलं. माल खराब निघाला तर उलटं चालत जायचं, जिथून आला तिथपर्यंत. नळापासून बोअरपर्यंत गेले. बोअरपासून घराला वळसा घालून मागे गेले. मागे संडास आहे. संडासाचा पाइप भिंतीतून बाहेर येतो आणि जमिनीत जातो. तो कुठं जातो, हे मला बघायची गरज नव्हती.

घर बांधताना दादा दौंडला होते आणि कामावर देखरेख माझी होती. गवंड्यानं विचारलं होतं, शोषखड्डा कशाला खणताय, कोरडं गेलेलं बोअर आहेच, पाइप त्यात सोडू, कधी भरायचं नाही की उपसायचं नाही. मला ती युक्ती इतकी पटली की मी गल्लीत चारचौघींना सांगितली. आमचं बघून आणखी तिघांनी आपापल्या कोरड्या बोअरमध्ये पाइप सोडले. मैला वरवर मुरला असता तर मातीनं गाळून तरी घेतला असता. आम्ही त्याला थेट खालपर्यंत सरळ वाट करून दिली होती. गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला, जमिनीतलं पाणी वर चढलं आणि मागचं पुढं येऊन मिळालं.

मग आम्हाला वास कसा आला नाही? दादांना तंबाखूमुळे वास येत नाही. वापरायचं पाणी गच्चीवरच्या टाकीत पडून वास उडालेलं, आणि बाटली भरताना माझं लक्ष फक्त बाटलीवर. आणि आम्ही तिघं जे पाणी पितो ते स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं. तो फिल्टर मीच बसवून घेतला होता. पाण्यात क्षार आहेत, मुतखडा होतो, असा मला संशय होता. घरातल्या पाण्यावर मी संशय घेतला आणि रस्त्यावर जाणारा माल एकदाही तपासला नाही. आबांपुढे ठेवलेलं पाणीही फिल्टरचंच होतं. ते चांगलं होतं. त्यांनी नको त्या वेळी नाही म्हटलं आणि मी नको तिथं राग धरला.

मी बाटली घेऊन रस्ता ओलांडला. आबा त्यांच्या घराच्या ओट्यावर एकटेच बसले होते, बाकी घर दवाखान्यात होतं. मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली आणि हे आमच्या नळाचं पाणी आहे, असं सांगितलं. त्यांनी बाटलीला हात लावला नाही.

"दिवाळीपासनं वास येतोय, पोरी. गल्लीत समद्यांना म्हाईत हाय."

"मग आबा, सांगितलं का नाहीत?"

"कुनी सांगायचं? मी? माझ्या बापानं तुझ्या आजीला हिरीवर चढू दिलं न्हाई. आन् मी तुझ्या बापाच्या दारात जाऊन म्हनू, तुमचं पानी आमाला चालत न्हाई?"

खाली बघत मी विचारलं, की सगळ्यांनी नळ सोडला होता, तर सूनबाईला कावीळ कशी झाली. आबा म्हणाले, ती भरायची एटीएमचंच. पण जाता-येता दादा नळापाशी बसलेले असायचे, एकटे. काकांना वाईट वाटू नये म्हणून ती रोज साखळीचा एक ग्लास पिऊन पुढं जायची. घरात तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आता दवाखान्यात डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा बोलली.

म्हणजे दादा खरं बोलत होते. मी तिथंच, आबांच्या ओट्यावर बसून रडले. आबांनी मला रडू दिलं.

दादांना सांगणं त्याहून अवघड गेलं. मी काही न लपवता सगळं सांगितलं. बाटली, पाइप, गवंडी आणि माझा होकार. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, फिरवून बघितली. पोरगी कशी आहे, हे विचारलं. मी म्हणाले, पुण्याला हलवायचं चाललंय. ते आत गेले आणि रेल्वेतला आपला पाना घेऊन बाहेर आले. नळाची चावी सोडवून त्यांनी खिशात टाकली आणि साखळीचा ग्लास काढून माझ्या हातात दिला. मग मला पाटी आणायला सांगितली. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायला मी बसले. लाल रंगात लिहिलं, हे पाणी पिण्यायोग्य नाही. दादांनी चष्मा लावून वाचलं. त्यांच्या आईला ज्या गावानं पाण्यापासून लांब ठेवलं, त्या गावात आपल्याच भिंतीवर हे लावायचं म्हणजे त्यांना काय वाटत असेल, हे मी विचारू शकले नाही.

ते म्हणाले, "एवढं लिवून भागायचं न्हाई. लोकं म्हनतील, नदीनं नासलं. कारण लिव. संडासाचा पाइप बोअरात सोडला म्हनून. आन् खाली नाव लिव."

"कुणाचं?"

"सोडला कुनी?"

मी कारण लिहिलं आणि खाली माझं नाव लिहिलं. आजवर मी हजारो लाल टॅग भरले, पण ज्याची चूक असेल त्याचं नाव टॅगवर लिहायची पद्धत आमच्याकडे नाही. तपासणाऱ्याचंच लिहितात. या पाटीवर दोघांच्या जागी मीच होते. दुपारपर्यंत सगळी गल्ली ती वाचून गेली. आठवड्याच्या आत आमच्याकडे शोषखड्डा खणायला माणसं आली आणि आमचं होतंय तोवर त्यांना उरलेल्या तिघांकडूनही बोलावणं आलं.

आबांच्या सुनेला पुण्याला नेलं. मूल वेळेआधी झालं, काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं. ते दिवस दादा जेवायला बसायचे आणि उठून जायचे. रोज सकाळी आबा रस्ता ओलांडून आमच्या फाटकापाशी यायचे, आज कालच्यासारखंच, एवढं सांगायचे आणि परत जायचे. मुलगी वाचली. तिची आईही वाचली.

सव्वा महिन्यानंतर ती बाळाला घेऊन घरी आली आणि संध्याकाळच्या आत आमच्याकडे आली. चेहरा अर्धा झाला होता. दादांनी खुर्ची पुढे केली. तिनं बाळ माझ्या आईच्या मांडीवर दिलं आणि रीतीप्रमाणे मी पाणी आणलं. मुद्दाम तोच साखळीचा ग्लास घेतला होता. तिनं ग्लास हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं, मग दादांकडे.

"काका," ती म्हणाली, "हे पाणी कुठलं?"

आमच्या घरात पाणी हातात घेऊन इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. मी दादांकडे बघायला घाबरत होते. पण त्यांचा चेहरा पहिल्या हंड्याच्या दिवशी होता तसाच झाला होता.

"फिल्टरचं हाय, बाय," ते म्हणाले. "आन् हे असंच इचारत जा."

मग ती प्यायली, आणि मी सवयीनं ग्लासाकडे बघितलं. तो रिकामा होता.